आजीला विचारा: घोळणा फुटायचा का?

पुंगोलमधल्या आपल्या मराठी घरांसाठी आजचा आरोग्याचा विषय आहे मुलांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी. आजार दुर्मीळ आहे, पण त्याचा धागा पुष्कळदा गावाकडच्या घरात सापडतो.

फुप्फुसात रक्त केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून जातं. तिथे ते प्राणवायू घेतं, आणि बारीकसारीक गुठळ्या गाळणीत चहापत्ती अडकावी तशा तिथेच अडकतात. काही मुलांमध्ये हे जाळं टाळून धमनी थेट शिरेला जोडलेली असते. मग रक्तातला प्राणवायू कमी पडतो. धाप लागते, ओठ निळसर दिसतात, बोटांची टोकं फुगीर होतात. गुठळी किंवा जंतू मेंदूपर्यंत पोचले, तर पक्षाघात होऊ शकतो किंवा मेंदूत गळू होऊ शकतं. काही मुलांना मात्र आधी काहीच त्रास जाणवत नाही.

तपासणी कशी होते? बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात. मग घुसळलेलं सलाईन शिरेतून देऊन हृदयाची सोनोग्राफी करतात. त्यातले बुडबुडे फुप्फुसात विरायला हवेत. ते तीन-चार ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले, तर संशय बळावतो. नेमकी जागा सीटी स्कॅनमध्ये कळते.

उपचारात बहुधा छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन धातूच्या स्प्रिंगने किंवा बुचाने ती वाट बंद करतात. पुढेही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. दात काढण्याआधी दंतवैद्यांना हा आजार जरूर सांगा. प्रतिजैविक द्यावं लागतं.

आता गावाकडचा धागा. यातल्या बहुतेक मुलांना 'एचएचटी' हा आनुवंशिक आजार असतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्याची नेहमीची खूण म्हणजे वारंवार घोळणा फुटणं. आपण 'उष्णता झाली' म्हणून सोडून देतो. एखाद्या मुलाचा घोळणा कधीमधी फुटला, तर घाबरू नका. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या फुटत असेल, ओठांवर, जिभेवर लाल ठिपके असतील, किंवा कुणाला तरुणपणीच पक्षाघात झाला असेल, तर ते डॉक्टरांना सांगाच.

इथले डॉक्टर 'घरात कुणाला काही आजार?' असं विचारतात आणि आपण 'नाही' म्हणून मोकळे होतो. म्हणून या रविवारी आजी-आजोबांना फोन लावा, विचारा आणि लिहून ठेवा. शंका असेल, तर पुंगोल पॉलिक्लिनिकमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो कागद दाखवा. मूल खोकताना रक्त पडलं, अचानक तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळे पडले, तर थांबू नका, ९९५ फिरवा.