पेप्टाइडचं इंजेक्शन आणि 'वाढणारी' इम्युनिटी

चाकण एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांना जिममधून हमखास एक सल्ला मिळतो: 'पेप्टाइडचा कोर्स कर, इम्युनिटी वाढते, सर्दी-ताप जवळ फिरकत नाही.' रोख बहुधा थायमोसिन अल्फा-१ कडे असतो.

हे औषध खोटं नाही. थायमस ग्रंथीत सापडलेली ही २८ अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच पेप्टाइड. चीनसह अनेक देशांत जुनाट हिपॅटायटिस बी साठी तिला मान्यता आहे. पण एका आजारावर दिलं जाणारं औषध धडधाकट माणसाला सर्दीपासून वाचवतं, हे कुणी आणि कधी सिद्ध केलं? गंभीर जंतुसंसर्गात, म्हणजे सेप्सिसमध्ये, त्याची कसून परीक्षा झाली. चीनमधल्या २२ केंद्रांत ११०६ रुग्ण, निष्कर्ष २०२५ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात: २८ दिवसांतले मृत्यू औषध घेणाऱ्यांत २३.४ टक्के, औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत २४.१ टक्के. फरक जवळपास नाहीच. धडधाकट माणसांवरची अशी चाचणी असेल तर विकणाऱ्यांनी ती दाखवावी!

मुळात 'इम्युनिटी वाढली' म्हणजे नेमकं काय वाढलं? ती अनेक पेशी आणि रसायनांची यंत्रणा आहे. काही पेशी हल्ला करतात, काही हल्ला थांबवतात. थांबवणाऱ्यांचा धाक सुटला की ल्युपस किंवा आमवातासारखे आजार होतात. तिथे शरीर स्वतःवरच उलटतं.

रात्रपाळीवाल्याची खरी अडचण झोपेची आहे, आणि त्याबद्दल पुरावा आहे. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला (२०१५). सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाली. दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोप मिळवणं कठीण आहे, हे मान्य. पण त्याची भरपाई सुईने होत नाही.

'पेप्टाइड नैसर्गिक, म्हणून निर्धोक' हेही ऐकू येतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, त्याच्या विषातही पेप्टाइडंच असतात.

'पावडर प्यायली तरी चालते': पोटात तिचं पचन होतं, इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते याचमुळे.

'ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं': त्यातल्या अनेक कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं.

'कुणालाही देता येतं': किडनी बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नवी किडनी नाकारतं. त्याने हे इंजेक्शन परस्पर मुळीच घेऊ नये.