भरणा झाला तरी तगादा

जुन्या मुलखी कारभारात रयतेने सारा वेळेवर भरावा, परंतु कचेरीतील कारकुनाने तो वहीत जमा न धरता बाकीचा तगादा चालूच ठेवावा, तशी काहीशी अवस्था थायरॉईड संप्रेरकास दाद न देणाऱ्या एका आनुवंशिक विकारात होते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच नामक संप्रेरकाच्या द्वारा गळ्यातील थायरॉईडकडे मागणी करते आणि रक्तातील थायरॉईड संप्रेरक पुरेसे झाले की हात आखडता घेते. या विकारात मात्र रक्त संप्रेरकाने भरलेले असूनही ती मागणी थांबत नाही. सॅम्युअल रेफेटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच घरातील भावंडांत आढळलेला हा प्रकार 1967 साली प्रसिद्ध केला. पुढे दोष सापडला तो तिसऱ्या गुणसूत्रावरील, संप्रेरकाची पोच घेणारा बीटा ग्राही घडविणाऱ्या जनुकात. बहुतेक घराण्यांत आईकडून वा वडिलांकडून आलेली एकच सदोष प्रत पुरते, कारण तिच्यापासून बनलेला ग्राही स्वतः निकामी असून शेजारच्या निरोगी ग्राहीच्याही कामात मोडता घालतो. साधारणपणे चाळीस हजार जन्मांत एक, असे याचे प्रमाण सांगतात.

रुग्णाचा गळा फुगलेला, नाडी जलद आणि संप्रेरकाची पातळी चढलेली पाहून वैद्याने ग्रेव्हज रोगाचे निदान करावे, हे समजण्यासारखे आहे. पण त्या रोगात टीएसएच जवळजवळ नाहीसे होते आणि येथे ते जागच्या जागी असते, ही एक ओळ नजरेतून निसटली की ग्रंथी नाहक कापली वा किरणोत्सर्गी आयोडीनने जाळली जाते. तसे घडलेले आहे.

या विकाराच्या जोडीला थायरॉईडचा कर्करोग उद्भवला, म्हणजे प्रसंग विलक्षण बिकट होतो. नेहमीच्या रुग्णात ग्रंथी काढल्यावर, धोका अधिक असेल तर, थायरॉक्सिन या थायरॉईड संप्रेरकाची मात्रा किंचित वाढवून टीएसएच दाबून ठेवतात, कारण मागे राहिलेल्या पेशींना त्याच्यापासून वाढीची चेतना मिळते. या रुग्णाची पियुषिका ती मात्रा जमेसच धरीत नाही. मात्रा चढवीत जावे, तर हृदयात मुख्यत्वे याच संप्रेरकाचे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे अल्फा ग्राही असून ते धडधाकट असतात. त्यामुळे टीएसएच उतरण्यापूर्वीच छाती धडधडू लागते. कोठे मात्रा आवरती घ्यावी लागते, कोठे हृदयाचे ठोके आवरणारी औषधे जोडावी लागतात, तर कोठे बीटा ग्राहीकडे अधिक ओढ असलेल्या ट्रायॅक या सजातीय द्रव्याचा उपयोग केला जातो.

विकारानेच कर्करोग जडला काय, असे रुग्ण साहजिकच विचारतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडविलेल्या एका जातीच्या उंदरांत थायरॉईडचा कर्करोग आपोआप उद्भवल्याचे अमेरिकेतील शियू-यान चेंग यांच्या प्रयोगशाळेने दाखविले आहे. माणसात बहुधा एकच प्रत सदोष असते, आणि त्याच्या बाबतीत असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून उंदरांचा दाखला देऊन कोणास घाबरवू नये, असे मला वाटते. रक्ततपासणी मात्र आईवडील, भावंडे आणि मुले या सर्वांची करून घ्यावी. सदोष प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो, आणि चढलेल्या आकड्यांचा खरा अर्थ आधीच ठाऊक असेल, तर त्यांतील कित्येकांना औषधाची गरजही पडत नाही.