जठर कर्करोगातील तीव्र रक्तस्राव

जठराच्या कर्करोगात अर्बुदाच्या (गाठीच्या) पृष्ठभागावर व्रण पडल्यास किंवा त्याखालील रोहिणीची (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीची) भित्ती झिजल्यास रक्तस्राव होतो. बहुधा तो मंद व छुपा असून केवळ रक्तक्षय आढळतो. क्वचित मात्र तो एकाएकी प्राणघातक ठरतो.

लक्षणे : अम्लामुळे जठरातील रक्त काळवंडते, त्यामुळे वांती कॉफीच्या चुऱ्यासारखी व मल डांबरासारखा काळा, चिकट होतो. ताज्या रक्ताची वांती, घेरी, थंड घाम व जलद नाडी ही तीव्र रक्तस्रावाची लक्षणे होत.

चिकित्सा : रुग्णास तोंडाने काही न देता कुशीवर निजवून त्वरित रुग्णालयात हलवितात. तेथे नीलेवाटे द्रव व आवश्यकतेनुसार रक्त देतात. ॲस्पिरिनासारखी रक्तस्राव वाढविणारी औषधे वैद्य बंद करतात. जठरदर्शकातून औषधाचे अंतःक्षेपण, दहन किंवा रक्त गोठविणारी भुकटी यांनी स्राव थांबविता येतो. परंतु अर्बुद ठिसूळ व सर्वत्र पाझरणारे असल्याने तो पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. अशा वेळी जांघेतील रोहिणीतून नलिका सरकवून रक्त पुरविणारी शाखा बंद करतात (अंतर्कीलन). मंद, वारंवार होणाऱ्या स्रावावर अल्प मात्रेची प्रारण चिकित्सा उपयुक्त असते. तिचा परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. प्रगत अवस्थेत शस्त्रक्रिया जोखमीची असल्याने ती निवडक रुग्णांपुरतीच मर्यादित असते.

पूर्वनियोजन : या उपायांनी रक्त थांबले, तरी कर्करोग बरा होत नाही. म्हणून रुग्णालयात न्यावे की घरीच शुश्रूषा करावी, हे रुग्णाच्या इच्छेनुसार आधीच ठरविणे इष्ट असते. कुपवाडलगतच्या मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय स्थापिले व १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. यांमुळे मिरज वैद्यकीय केंद्र बनले. तथापि रुग्णालय जवळ असले, तरी हा निर्णय ऐनवेळी घेणे कुटुंबास कठीण जाते. घरी राहण्याचे ठरल्यास गडद रंगाचे टॉवेल व चादरी जवळ ठेवतात. त्यांवर रक्त कमी उठून दिसते व भीती कमी होते. वैद्याने पूर्वीच सांगितलेले शामक औषधही हाताशी असावे. अखेरच्या स्रावात रुग्णाला एकटे न सोडता त्याचा हात धरून बसणे, हाही शुश्रूषेचाच भाग होय.