घडलेले प्रथिन पुरे कधी होते?

जनुकातील संदेश वाचून पेशी अमिनो आम्लांची साखळी गुंफते, की प्रथिन तयार झाले, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात अनेक प्रथिने तेव्हा अर्धवटच असतात. साखळीवर पुढे रासायनिक संस्कार व्हावे लागतात. ते चुकले तर प्रथिन असून नसल्यासारखे. रक्त गोठण्यासाठी लागणारे प्रोथ्रॉम्बिन हे याचे ठळक उदाहरण.

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे दगावू लागली. शिंगे कापली तरी रक्त थांबेना. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९३९ साली त्या चाऱ्यातले घातक द्रव्य हाती लागले : डायकुमारॉल. त्याच कुळातले वॉरफरिन आधी उंदीर मारायला आणि पुढे रक्ताच्या गुठळ्या टाळायला वापरात आले.

कोडे मात्र उरले. डायकुमारॉल दिलेल्या गाईंच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन होते, पण ते कॅल्शियम नीट धरत नव्हते. १९७४ साली स्वीडनमध्ये योहान स्टेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी यातला फरक शोधला. निरोगी प्रोथ्रॉम्बिनमधील ठरावीक ग्लुटामिक आम्लांना एकेक जादा कार्बॉक्सिल गट जोडलेला असतो. अशी दहा ठिकाणे साखळीच्या सुरुवातीलाच आहेत. दोन गटांच्या चिमट्यात कॅल्शियम बसते आणि त्याच्या आधाराने प्रथिन जखमेपाशी चिकटते. यकृतातले एक विकर हा गट जोडते. त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागते. वापरून झालेले के जीवनसत्त्व शरीर पुन्हा कामाजोगे करते. वॉरफरिन नेमके तेच अडवते. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडू नये, पण तिचे प्रमाण एकाएकी बदलूही नये.

जनुक निर्दोष, साखळीही बिनचूक, तरी रक्त थांबत नाही, हे नवजात बाळाच्या बाबतीतही घडू शकते. वारेतून के जीवनसत्त्व फार थोडे पोचते, आईच्या दुधातही ते कमीच असते. क्वचित एखाद्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. तो टाळण्यासाठी पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मल्यावर मांडीत १ मिलिग्रॅम के जीवनसत्त्व टोचतात. 'बाळ धडधाकट आहे, मग सुई कशाला?' असे घरातले विचारतात. उत्तर असे, की धडधाकट बाळाच्या रक्तातही प्रथिन असते. त्यावरचा शेवटचा हात तेवढा फिरायचा राहिलेला असू शकतो.