अब्बांची नजर आणि गाडीचा वायपर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खालाजानला लातूरच्या दवाखान्यात भेटून आम्ही रात्री अहमदपूरला परत निघालो होतो. गाडी अब्बाच चालवत होते. चाकूर मागे पडले आणि पावसाने गाठले. अब्बांनी वायपर सुरू केले. वायपर वर जायचे, मध्येच दमल्यासारखे रेंगाळायचे आणि मग खाली यायचे. तोवर काच पुन्हा पाण्याने भरून जायची. समोरच्या ट्रकचा उजेड त्या पाण्यात असा पसरायचा, की रस्त्याची कड कुठे आहे तेच कळेना. शिरूर ताजबंदला एका हॉटेलपुढे अब्बांनी गाडी उभी केली. चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझी नजर गेली. यापुढे गाडी माझ्या हातात देऊ नका."

दुसऱ्या दिवशी किल्ली कपाटात गेली. २००४ साली निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ती छोटी गाडी म्हणजे अब्बांचा जीव. मुलींना परीक्षेला नेणे, शेजारच्या आजारी माणसाला रात्री-बेरात्री नांदेडला पोहोचवणे, सगळे तिच्यावरच झाले होते. आता गाडीचा विषय निघाला की ते गप्प बसत. वय झाले, असे म्हणून आम्हीही ते मान्य करून टाकले.

आठवडाभराने गाडी आम्ही स्वतः पावसात काढली, तेव्हा आमच्याही डोळ्यांना काही दिसेना. मग लक्षात आले, की दोष नजरेत नसून काचेवर आहे. घरी येऊन काचेवर पाणी टाकत राहिलो, वायपर सर्वांत जास्त वेगावर लावले आणि घड्याळ धरून मोजले. एक मिनिटात २६ फेऱ्या! अमेरिकेतल्या वाहन नियमांप्रमाणे वायपरचा एक वेग तरी मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा असावा लागतो. आमचे वायपर जवळजवळ निम्म्यावर आले होते. पण ते एका दिवसात आले नव्हते. दरवर्षी थोडे थोडे मंद होत गेले, म्हणून घरात कोणालाच कळले नाही.

बंद पडलेल्या वायपरपेक्षा मंद वायपर जास्त घातक. बंद पडले तर माणूस गाडी बाजूला घेतो. मंद झाले तर "चालतंय की" म्हणत पुढे जात राहतो.

गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. बोनेट न उघडताच उत्तर मिळाले, "मोटर गेली, नवी टाका. जुन्या गाडीचं असंच असतं." आम्ही टाकणारही होतो. पण उदगीरचे मामू अनेक वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. ते म्हणाले, "आधी बघू तरी, मोटर मंद आहे की तिच्यावरचा भार जास्त आहे."

रविवारी सकाळी अंगणात काम सुरू झाले. मामूंनी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरुवात केली. काचेवरचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुतला. ब्लेडचे रबर उन्हाने कडक होऊन फाटले होते, ते बदलले. काच नीट पुसली जाऊ लागली, पण वेग फारसा वाढला नाही.

मग मीटर निघाले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. वायपर चालू ठेवून मोटरच्या सॉकेटवर मोजले तर १२ सुद्धा भरेना. म्हणजे वाटेत वीज गळत होती. मोटरची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला कसलेली असते, तिथे गंज चढला होता. तो बोल्ट काढून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, सॉकेटच्या पिना साफ केल्या आणि पुन्हा घट्ट कसले. मोटरला आता १३ च्या वर व्होल्ट मिळू लागले. फेऱ्या ३४ झाल्या.

खरा दोष पुढे होता. बॅटरीची वायर काढून मामूंनी काचेखालची जाळी उघडली. मोटर एक गोल फेरा मारते आणि तो फेरा लोखंडी पट्ट्यांची लिंक दोन्ही वायपरना डावी-उजवीकडे नेण्यासाठी वापरते. मामूंनी ती लिंक मोटरपासून सोडवली आणि हात दूर ठेवून मोटर नुसती चालवून पाहिली. ती झपझप फिरली! मोटर ठणठणीत होती. आता वायपर हाताने हलवून पाहिले तर ते जेमतेम हलले. ज्या बुशमध्ये वायपरचा दांडा फिरतो, तिथले ग्रीस वाळून गेले होते आणि त्यावर काळी माती आणि गंज बसला होता.

आपल्या भागात हे का होते, तेही मामूंनी सांगितले. कोकणात वायपर चार महिने सलग चालतात. आपल्याकडे दिवाळीपासून मिरगापर्यंत ते जवळपास हलत नाहीत. तेवढ्या काळात जाळीतून शेतातली धूळ आत जाते आणि उन्हाने ग्रीस सुकते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे वायपरची आठवण कोणाला येणार?

दांडे बाहेर काढून रॉकेलने धुतले, गंज घासला, नवे ग्रीस भरले. जोडण्यापूर्वी मोटर तिच्या थांबण्याच्या जागेवर आणून ठेवली. वायपर काढण्याआधी काचेवर चिकटपट्टीने खूण केली होती, त्याच जागी ते परत बसवले. पाणी टाकून मोजले तर ५२ फेऱ्या! एकूण खर्च दोन ब्लेड, ग्रीसची डबी आणि मामूंच्या आवडीची बिर्याणी.

घरी हे करून पाहायचे असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. लिंकमध्ये हात घालण्यापूर्वी बॅटरीची वायर काढाच, नाहीतर बोटे चिरडतील. मोटर सुटी चालवूनही मंदच राहिली आणि वीज पूर्ण मिळत असेल, तर तिचे कार्बन झिजलेले किंवा आतले ग्रीस घट्ट झालेले असते. अशा वेळी मोटर दुरुस्त करणे किंवा बदलणे योग्य. पण जाम झालेल्या लिंकवर नवी मोटर बसवली तर तीही फार टिकत नाही. चालू स्थितीतले वायपर ही कायद्याचीही अट आहे. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की फेरनोंदणीच्या वेळी तिची तपासणी होते आणि त्यात वायपरही पाहिले जातात.

अब्बांना आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेले. चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, तेवढेच. गाडीचा दोष सापडला म्हणून डोळे तपासायचे टाळणे हीसुद्धा चूकच ठरली असती.

पुढच्या पावसात अब्बा गाडीत बसले, वायपर लावले आणि बराच वेळ नुसते काचेकडे पाहत राहिले. मग अम्मीला म्हणाले, "चल, बाजारात जाऊन येऊ." रात्रीच्या पावसात ते अजूनही स्टिअरिंग आमच्या हाती देतात. पण आता तो त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. किल्ली मात्र कपाटातून पुन्हा त्यांच्या खिशात आली आहे.