गोंगाटांतील कामगार आणि त्यांचे कान

दौंड जंक्शनांत गाड्यांचा राबता रात्रंदिवस चालू असतो. मनमाडकडे जाणारा फांटा १८७८ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून हें गांव रुळांच्या खडखडाटांतच वाढलें आहे. येथें रुळांवर वांकून काम करणाऱ्या गँगमनचा जीव पुष्कळदां एका शिट्टीवर अवलंबून असतो. उत्तरेस शिरूर तालुक्यांत, रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसासहि धोक्याची आरोळी वेळींच ऐकूं यावी लागते. ज्या कानांची इतकी गरज, त्यांवरच दिवसभर आवाजाचा मारा होतो.

ही व्याधि नवी नव्हे. रामाझिनी या इटालियन वैद्यानें १७१३ सालीं व्हेनिसच्या तांबटांचें बहिरेपण वर्णिलें आहे; पुण्याच्या तांबट आळींतून एकदां गेलेल्या माणसास त्याचें नवल वाटणार नाहीं. पुढें १८८६ सालीं ग्लासगोच्या डॉक्टर बार यांनीं शंभर बॉयलर-कारागीर तपासले. त्यांपैकीं एकाचीहि श्रवणशक्ति निर्दोष आढळली नाहीं.

अंतःकर्णांतील शंखाकृति नळींत केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. सततच्या गोंगाटानें त्या मरतात, आणि मनुष्याच्या कानांत मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. यांतील कपट असें कीं, प्रथम नाश होतो तो उंच पट्टीच्या, सेकंदास सुमारें ४००० कंपनांच्या, स्वरांचा. यंत्राची घरघर ऐकूं येते, बोलणाऱ्याचा आवाजहि ऐकूं येतो; म्हणून कामगार शपथेवर सांगतो कीं, माझे कान ठणठणीत आहेत. परंतु ‘स’, ‘श’ यांसारखीं व्यंजनें निसटूं लागलेलीं असतात. साखळी ‘सोड’ असें ओरडून सांगितलें आणि त्यांतला ‘स’ गळाला, तर ऐकणारा ‘ओढ’ असें समजतो. हुकूम नेमका उलटा झाला!

म्हणून पाठीमागें उभें राहून कुजबुजण्याची जुनी परीक्षा येथें अपुरी पडते. निःशब्द कोठडींत बसवून, कानांवर श्रवणयंत्र चढवून, निरनिराळ्या पट्टींचे स्वर क्रमाक्रमानें मंद करीत ऐकवावयाचे व प्रत्येक स्वर कोठें नाहींसा होतो त्याचा आलेख काढावयाचा. गोंगाटानें बिघडलेल्या कानाच्या आलेखास ४००० च्या आसपास एक खळगा पडतो. पाळी संपवून तडक आलेल्या माणसाची परीक्षा मात्र व्यर्थ. कान तात्पुरते बधिर झालेले असतात, त्यांना आदल्या रात्रीची शांतता मिळावयास हवी. पहिली परीक्षा कामावर रुजू होण्याच्या वेळींच व्हावी. ती नसेल, तर पुढें दोष वयावर किंवा वरातींतल्या कर्ण्यांवर ढकलण्यास मालक मोकळा राहतो.

आपल्याकडील कारखाना-नियमांनीं आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबलची मर्यादा घातली. अमेरिकेंत १९८३ पासून ८५ डेसिबललाच वार्षिक परीक्षा सक्तीची आहे. फरक पांचाचाच दिसतो. पण या मोजमापांत पांच अंक चढले कीं ध्वनीची शक्ति तिपटीहून अधिक होते.

इतकें असूनहि कामगार परीक्षेस कां कचरतो? बहिरा ठरलों तर काम जाईल, ही भीति. तो ओठांकडे पाहून उत्तरें देतो, शेजाऱ्याला विचारून घेतो. सरकारी सेवकास २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचा आधार आहे: नोकरींत असतां अपंगत्व आलें तर त्यास काढतां येत नाहीं, दुसरें काम द्यावें लागतें. दौंडच्या रेल्वे-सेवकास हें कवच लाभतें. रांजणगांवांत ठेकेदाराकडून आलेल्या मजुरास त्या कलमाचें असें संरक्षण नाहीं. तो आज एका कारखान्यांत, तर सहा महिन्यांनीं दुसऱ्यांत. त्याचा पहिला आलेख पहिल्याच कारखान्याच्या कपाटांत पडून राहतो. त्याची एक प्रत त्याच्याच हातीं दिली, तर पुढच्या फाटकावर ती दाखवून तो म्हणूं शकेल, ‘येथें आलों तेव्हां माझे कान असे होते.’