रसद तोडलेला कर्करोग

करकंब हे पंढरपूर तालुक्यातले मोठे गाव. उजनीचे पाणी आले, ऊस आला, नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली. तरी खिलार जनावराची पारख असलेली माणसे या भागात अजून आहेत. खोंड कधी खच्ची करायचा यावर ती तासभर बोलतील. फार लवकर केला तर मान आणि वशिंड भरत नाही, फार उशीर केला तर अंगातली मस्ती जात नाही. वृषणातून निघणारे काहीतरी रक्तातून फिरते आणि दूरच्या अवयवांना घडवते, हे शरीरशास्त्र त्या बोलण्यात आधीपासूनच आहे. पुरुषांच्या पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावरचा मुख्य उपचार याच ज्ञानावर उभा आहे.

लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६ साली लिहून ठेवले की खच्ची केलेल्या प्राण्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान आणि ढिली राहते. जमिनीत बिळे करणाऱ्या मोल या प्राण्यात तर ती हिवाळ्यात जेमतेम दिसते आणि वसंतात, समागमाच्या काळात, फुगून मोठी होते, हेही त्यांनी पाहिले होते. या निरीक्षणाचा कर्करोगाशी संबंध लागायला मात्र दीडशे वर्षे जावी लागली.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव ती पुरवते आणि त्यात पीएसए नावाचे प्रथिन सोडते. त्याचे काम घट्ट वीर्य पातळ करणे. रक्तात ते अगदी थोडे झिरपते आणि आपण तपासतो ते हेच. प्रोस्टेटच्या निरोगी पेशीचा स्वभावही विलक्षण आहे. ती जस्त साठवते. त्या जस्तामुळे पेशीतले ऊर्जाचक्र सायट्रेटपाशीच अडते आणि हे सायट्रेट जाळण्याऐवजी ती वीर्यात सोडून देते. पेशी कर्करोगाकडे वळली की जस्त गमावते आणि तेच सायट्रेट स्वतःसाठी जाळू लागते.

वृषणातून निघणारे ते ‘काहीतरी’ म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक. ते ९० टक्क्यांहून अधिक वृषणात तयार होते, उरलेले मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून येणाऱ्या कच्च्या मालातून. प्रोस्टेटमध्ये शिरल्यावर एक विकर त्याचे डीएचटी या अधिक जहाल रूपात रूपांतर करते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका दुर्गम भागात हे विकर जन्मतःच नसलेली मुले आढळली. जन्मताना ती मुलींसारखी दिसत, वयात येताना पुरुष होत. त्यांची प्रोस्टेट मात्र आयुष्यभर इवलीशी राहत असे. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली हे प्रसिद्ध केले आणि वाढलेल्या प्रोस्टेटवरचे फिनास्टेराइड हे औषध पुढे याच धाग्यावरून आले.

वयाबरोबर होणारी प्रोस्टेटची साधी वाढ आणि कर्करोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या, मूत्रमार्गालगतच्या भागात होते, म्हणून लघवी अडते, रात्री चारदा उठावे लागते. कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात, गुदाशयाच्या बाजूला सुरू होतो आणि बराच काळ गप्प राहतो. लघवी तुंबली म्हणजे कर्करोगच, हे खरे नाही. लघवी साफ होते म्हणजे कर्करोग नाही, हेही खरे नाही. पीएसए वाढणे हासुद्धा इशारा आहे, निदान नव्हे. निदान तुकडा काढून तपासल्यावरच होते.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास करत होते. माणसाप्रमाणे म्हातारपणी ज्याची प्रोस्टेट वाढते असा पाळीव प्राणी कुत्राच. वृषणे काढली की कुत्र्यांची ग्रंथी आणि तिच्यातल्या गाठी आक्रसतात हे त्यांना दिसले. मग हाच उपाय त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांवर केला. आजाराची हालचाल मोजायला रक्तातले आम्ल फॉस्फटेज हे विकर हाताशी होते. १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वृषणे काढल्यावर ते विकर उतरते, हाडांच्या वेदना ओसरतात, खंगलेली माणसे पुन्हा जेवू लागतात. कर्करोग ही बेलगाम, स्वयंभू वाढ असते, या समजुतीला हा मोठा धक्का होता. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वर्षी हे संशोधन छापून आले, त्याच १९४१ च्या २८ फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते.

हगिन्स यांनी स्त्री-संप्रेरकेही वापरून पाहिली होती. स्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्या बरीच वर्षे चालल्या, पण हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्या यांमुळे त्या मागे पडल्या.

पुढचा टप्पा मेंदूतून आला. वृषणांना हुकूम देणारी साखळी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागापासून सुरू होते. त्यातले संप्रेरक वेगळे काढायला अँड्र्यू शॅली यांच्या गटाने लाखाहून अधिक डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा केले; त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिय्येमाँ मेंढ्यांवर काम करत होते. १९७१ मध्ये रचना उलगडली: दहा अमिनो आम्लांची साखळी. दोघांनाही १९७७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. खरी गंमत पुढे आहे. हे संप्रेरक शरीर थांबून थांबून सोडते. त्याचीच अधिक ताकदीची नक्कल सतत देत राहिली, तर साखळी आधी जोरात चालते आणि मग पूर्ण बंद पडते. ल्युप्रोलाइडची इंजेक्शने अशी काम करतात, म्हणून पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. त्या काळात मणक्यातली गाठ फुगू नये यासाठी डॉक्टर सोबत बायकॅलुटामाइडसारख्या गोळ्या देतात.

आता पुन्हा आपल्या भागाकडे. करकंबहून मोडनिंब, कुर्डुवाडी करत बार्शीला जाता येते. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, टाटा मेमोरियलच्या आधाराने. क्षेत्र बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतले, सुमारे साडेतीनशे गावांचे. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन, माणसांशी बोलून, संशयित रुग्णांना तपासणीला यायला तयार करावे लागले. माझ्या मते महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात या पायपिटीची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही. या नोंदीत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण मुंबई-दिल्लीच्या मानाने बरेच कमी दिसते. खेड्यात पीएसएची तपासणी कमी होते, हे त्याचे एक कारण. पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नसावा, कारण परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांत हे प्रमाण भारतातल्यापेक्षा जास्त आढळते.

प्रमाण कमी असले तरी रुग्ण येतो तो उशिरा. कंबर धरली, म्हातारपण आले, असे म्हणून महिने जातात. हा कर्करोग मणक्यांत आणि ओटीपोटाच्या हाडांत जातो आणि तिथे हाड पोखरण्याऐवजी बहुधा नवे, वेडेवाकडे हाड तयार करतो. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाऊ लागली, तर मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. तेव्हा दिवस नव्हे, तास मोजावेत.

टेस्टोस्टेरॉन उतरवायला इंजेक्शन की वृषणे काढणे, हा प्रश्न आपल्याकडे पैशाचा, अंतराचा आणि मनाचाही असतो. शस्त्रक्रिया छोटी आहे, भाग बधिर करूनही होते, एकदाच करावी लागते आणि टेस्टोस्टेरॉन काही तासांतच कोसळते. इंजेक्शन दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. परिणाम दोन्हींचा सारखा. शस्त्रक्रियेला मागासलेला उपचार समजून नाक मुरडणारे शहरी लोक मला पटत नाहीत. पुढचे इंजेक्शन चुकले की टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येऊ शकते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कामेच्छा जाणे, अंगातून गरम वाफा निघणे, हाडे ठिसूळ होणे, स्नायू घटणे, साखर वाढणे हे त्रास दोन्हीकडे आहेत. ते नवऱ्यालाच नव्हे, बायकोलाही आधी समजावून सांगायला हवेत. कर्करोग ग्रंथीच्या आसपासच असेल, तर हाच उपचार किरणोपचाराला जोड म्हणून देतात. टाटा मेमोरियलच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांना असा दुहेरी उपचार दिला. त्यात फक्त प्रोस्टेटऐवजी ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही किरण दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण लक्षणीय घटले.

पसरलेला कर्करोग मात्र बहुतेकांत कधीतरी पुन्हा डोके वर काढतो. वेढा पडलेल्या किल्ल्याची रसद तोडावी आणि गडकऱ्यांनी आतच धान्य पिकवायला लागावे, तसे हे होते. काही पेशी अधिवृक्क ग्रंथींकडून येणाऱ्या कच्च्या मालातून स्वतःच डीएचटी बनवतात. काहींत संप्रेरक पकडणाऱ्या ग्राहकाच्या जनुकाच्या प्रती वाढतात, म्हणजे टिपूसभर संप्रेरकही पुरते. काहींत तो ग्राहक असा तुटका तयार होतो की संप्रेरकाविनाच चालू राहतो. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अबिरॅटेरोन ही आतली निर्मिती थांबवते, २०१२ चे एन्झालुटामाइड ग्राहकालाच अडवते.

अबिरॅटेरोन उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम घ्यायचे असते. जेवणाबरोबर ते कितीतरी पटींनी जास्त शोषले जाते. हगिन्स यांच्याच शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ७२ रुग्णांवर दाखवले की हलक्या न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम दिले तरी पीएसए तितकेच उतरते. एक चतुर्थांश औषध म्हणजे औषधाचा खर्चही एक चतुर्थांशच. आपल्यासारख्या देशात या प्रयोगाचे मोल सांगायला नको. अर्थात हा बदल आपापल्या मनाने करायचा नाही.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सॅम्युएल डेनमीड यांच्या गटाने तर उलटी वाट धरली. टेस्टोस्टेरॉनविना जगायला शिकलेल्या पेशींचे ग्राहक इतके वाढलेले असतात की अचानक मोठा डोस आला तर त्यांनाच तो सोसत नाही, असा त्यांचा तर्क. वृषणे बंद ठेवलेल्या रुग्णांना ते दर महिन्याला टेस्टोस्टेरॉनचे भरघोस इंजेक्शन देतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या उपायाने आजार एन्झालुटामाइडइतकाच काळ रोखून धरला.